छोट्या गावात पार्टी बस ठरवताना: गाडी बाहेरून येते, हे धरून केलेली आखणी

छोट्या गावात पार्टी बस, म्हणजे आत दिवे, स्पीकर आणि कडेने बाकं असलेली भाड्याची बस, सहसा नसते. ती चाळीस, साठ, कधी शंभर किलोमीटरवरच्या शहरातून येते आणि कार्यक्रम संपला की रात्री उशिरा तिथेच परत जाते. शहरातल्या लोकांसाठी लिहिलेले सल्ले गावात लागू पडत नाहीत ते यामुळेच. भाडं किती होईल, ड्रायव्हर किती दमलेला असेल, गाडी बंद पडली तर दुसरी किती वेळात येईल, गल्लीत बस वळेल का, हे सगळे प्रश्न त्या अंतरातून निघतात. म्हणून बसमधले दिवे आणि स्पीकर बघण्याआधी गॅरेज ते तुमचं गाव हे अंतर कागदावर लिहा. पुढची आखणी त्याच्यावर उभी राहते.

आधी बस हवी का ते ठरवा

दहा-बारा जण असतील आणि जायचं एकाच ठिकाणी असेल, तर दोन मोठ्या गाड्या पुरतात आणि स्वस्तही पडतात. पाहुण्यांत बरेचजण वयस्कर असतील तर पार्टी बस त्रासाची ठरते. पायऱ्या उंच असतात, बाकं आडवी असतात, आवाज मोठा असतो आणि वळणावर धरायला नीट काही नसतं. अशा गटासाठी साधी, पुढे तोंड करून बसायच्या सीटची मिनीबस जास्त सोयीची.

पार्टी बस खरी उपयोगी पडते ती दोन प्रसंगी. एक, दोन-तीन ठिकाणी थांबायचं आहे आणि प्रवासातही मजा हवी आहे. दुसरा प्रसंग गावात जास्त महत्त्वाचा आहे. रात्री अकरानंतर टॅक्सी मिळत नाही आणि प्यायलेल्या माणसाने गाडी चालवू नये असं सगळ्यांनाच वाटतं, पण पर्याय नसतो. अशा ठिकाणी प्रत्येकाला दारापर्यंत सुखरूप पोचवणारी एकच गाडी असणं हा बसचा सर्वांत मोठा फायदा आहे. माझ्या मते बसवर खर्च करायला एवढं एक कारणही पुरेसं आहे. ते खरं धरलं तर आखणीत शेवटच्या तासाला पहिल्या तासापेक्षा जास्त विचार लागतो, आणि बहुतेक गट नेमकं उलटं करतात.

माणसं मोजा, सीट मोजा

ग्रुपवर ‘येतो’ म्हणणारे आणि प्रत्यक्ष येणारे यांत नेहमी फरक पडतो. वर्गणीचा पहिला हप्ता भरला तोच माणूस धरायचा. हप्त्याची तारीख बसचा ॲडव्हान्स देण्याच्या आधीची ठेवा, म्हणजे गाडीचा आकार अंदाजावर ठरणार नाही.

पार्टी बसमध्ये सीट बहुतेक कडेने, एकमेकांसमोर तोंड करून असतात. जाहिरातीतला आकडा म्हणजे खांद्याला खांदा लावून बसणाऱ्यांची संख्या. चोवीस जणांची म्हणून दाखवलेल्या बसमध्ये अठरा ते वीस जण आरामात बसतात, कारण पर्स, कोट, केकचा बॉक्स, भेटवस्तू हे सगळं सीटवरच येतं. डिकी नसते किंवा नावापुरती असते. मात्र जागा वाटते म्हणून नोंदणीतल्या आसनसंख्येपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला ते एक कारण पुरतं.

लहान मुलं येणार असतील तर आडव्या बाकांची बस बाद करा. मुलांची सुरक्षा सीट आडव्या बाकावर बसवता येत नाही.

रस्ता बसच्या नजरेने बघा

ही पायरी लोक टाळतात आणि ऐनवेळी अडकतात. पूर्ण आकाराची बस साधारण १२ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद असते, उंची साडेतीन मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त. युरोपच्या नियमांनुसार बसला साडेबारा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळता आलं पाहिजे, म्हणजे पूर्ण वळण घ्यायला २५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. गावातल्या किती चौकांत ती आहे, याचा विचार करा. छोटी, सात मीटरच्या आतली बस बऱ्याच गल्ल्यांत जाते, पण तिथेही झाडाच्या खाली आलेल्या फांद्या, लोंबणाऱ्या तारा, कमी उंचीचा पूल आणि वजनाची मर्यादा असलेला जुना पूल बघावाच लागतो.

बस ठरवण्याआधी संपूर्ण मार्ग एकदा कारने फिरा, शक्य तर त्याच वाराला आणि त्याच वेळी. दिवसा मोकळा असलेला रस्ता शनिवारी संध्याकाळी दोन्ही बाजूंनी गाड्या लागून अरुंद होतो. तीन गोष्टींचे फोटो काढा: बस थांबणार ती जागा, सर्वांत अरुंद वळण आणि सर्वांत कमी उंचीची जागा. हे फोटो आणि नकाशावरचं लोकेशन बसमालकाला पाठवा. अनुभवी ड्रायव्हर फोटो बघून लगेच सांगतो की इथे मोठी गाडी घालणार नाही. हे उत्तर आधी मिळालं तर छोटी गाडी शोधायला वेळ हातात असतो.

प्रत्येकाला घरून उचलायचा मोह आवरा. एक थांबा कागदावर दोन मिनिटांचा दिसतो आणि प्रत्यक्षात दहा मिनिटं खातो, कारण कुणीतरी चार्जर विसरलेलं असतं. सहा घरं म्हणजे एक तास, आणि त्या तासाचं भाडं तुम्ही भरता. जाताना सगळ्यांना एका मोकळ्या जागी बोलवा. मोठं मैदान, शाळेसमोरची जागा, बाजाराचा वाहनतळ, काहीही चालेल. आपल्या गाड्या रात्रभर तिथे ठेवायच्या असतील तर जागेच्या मालकाची परवानगी घ्या. परतताना मात्र उलट करा. तेव्हा माणसं दमलेली असतात, काही जण प्यायलेले असतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी, घरांच्या जवळ सोडायचं. उतरायचा क्रम आधी लिहून ठेवा. गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारे आधी की शेवटी, हा वाद रात्री साडेअकराला नको.

गाडी शोधताना

गावाभोवतीच्या दोन-तीन शहरांची यादी करा आणि प्रत्येक ठिकाणच्या मालकांना फोन करा. तुमच्या भागात लग्नाच्या हॉलचे व्यवस्थापक, फोटोग्राफर आणि शाळेच्या सहली ठरवणारे शिक्षक यांना चांगला आणि वाईट दोन्ही प्रकारचा बसमालक माहीत असतो. इंटरनेटवरच्या ताऱ्यांपेक्षा त्यांचं मत जास्त विश्वासाचं, कारण त्यांना त्याच मालकाशी पुन्हा काम करायचं असतं.

इंटरनेटवर सापडणारे अनेकजण बसमालक नसतात, मध्यस्थ असतात. ते बुकिंग घेतात आणि पुढे दुसऱ्याला देतात. तो दुसरा कधी तिसऱ्याला देतो. मध्यस्थ वाईटच असतो असं नाही. पण गाव लांब असलं की स्वस्तात यायला तयार होईल ती गाडी पाठवली जाते आणि फोटोत दिसलेली बस दुसरीकडे जाते. म्हणून पहिला प्रश्न दराचा नसावा. गाडी तुमच्या मालकीची आहे का आणि तिचा नंबर काय, हे आधी विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याचा फोन तिथेच ठेवलेला बरा.

सगळ्यांना एकच मजकूर पाठवला तर दरांची तुलना करता येते. हा नमुना वापरा, आकडे तुमचे घाला:

‘नमस्कार. अमुक तारखेला, शनिवारी, १८ जणांसाठी पार्टी बस हवी आहे. संध्याकाळी ६ वाजता आमच्या गावातून निघू, दोन ठिकाणी थांबू, शेवटचा माणूस रात्री ११.३० ला घरी उतरेल. आमचा फेरा साधारण ७० किलोमीटर. कृपया कळवा: गाडी आपल्या मालकीची आहे का आणि तिचा नंबर, नोंदणीप्रमाणे आसनसंख्या, भाडं कुठून कुठपर्यंत धरता, गॅरेजपासून की आमच्या गावापासून, जादा तासाचा आणि जादा किलोमीटरचा दर, डिझेल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता यांतलं काय धरलेलं आहे, त्या दिवशी सकाळी हाच ड्रायव्हर दुसऱ्या ट्रिपवर आहे का, गाडी बंद पडली तर दुसरी कुठून येईल.’

लेखी आणि मुद्देसूद उत्तर देणारा मालक थोडा महाग असला तरी माझा कौल त्याला. ‘सगळं होऊन जाईल, काळजी करू नका’ एवढंच म्हणणाऱ्याला तेच प्रश्न पुन्हा विचारा.

किती आधी ठरवायचं? हंगाम नसेल तर सहा ते आठ आठवडे, लग्नसराई किंवा वर्षअखेर असेल तर तीन-चार महिने. मालक जवळच्या ट्रिप आधी घेतात, लांबच्या गावाचा नंबर नंतर लागतो. तारीख हलवता येत असेल तर शुक्रवार-शनिवार सोडून बघा. गर्दीच्या दिवशी किमान तासांची अट कडक असते, आठवड्यातल्या इतर दिवशी तिच्यात घासाघीस करता येते.

कागदपत्रं आणि टायर

२०१८ च्या ६ ऑक्टोबरला अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहारी या छोट्या गावात, वाढदिवसाला निघालेल्या मित्रमंडळींची भाड्याची लांबवलेली लिमोझिन उतारावर ब्रेक निकामी होऊन चौक ओलांडून गेली. ड्रायव्हर, सगळे १७ प्रवासी आणि रस्त्याकडेला उभे असलेले दोघे, असे २० जण गेले. त्या गाडीला महिनाभर आधीच तपासणीत रस्त्यावर आणण्यास अपात्र ठरवलं होतं आणि ड्रायव्हरकडे तेवढ्या प्रवाशांची गाडी चालवायचा योग्य परवाना नव्हता. त्या मित्रमंडळींनी शहाणपणाचाच निर्णय घेतला होता, स्वतः गाडी चालवायची नाही म्हणून गाडी भाड्याने घेतली होती. कागद बघायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुठल्याही कारणाने वाचवू नका.

काय बघायचं? गाडीची नोंदणी आणि तीवरची आसनसंख्या, योग्यतेचा म्हणजे फिटनेसचा दाखला, भाड्याने प्रवासी नेण्याचं परमिट, प्रवाशांना लागू होणारा विमा आणि ड्रायव्हरचा त्या वर्गाचा परवाना. बऱ्याच देशांत ही माहिती घरबसल्या पडताळता येते. भारतात एमपरिवहन ॲपवर गाडीच्या नंबरावरून फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. अमेरिकेत केंद्रीय नियमांखाली येणाऱ्या बसवर यूएसडॉट नंबर, म्हणजे तिथल्या परिवहन खात्याचा ओळख क्रमांक, असतो आणि त्यावरून मालकाची सुरक्षेची नोंद उघडता येते. ब्रिटनमध्ये नऊ किंवा जास्त प्रवासी भाड्याने नेणाऱ्याला ऑपरेटरचं लायसन्स लागतं आणि त्याची चकती समोरच्या काचेवर दिसते. मुदत आजची बघू नका, कार्यक्रमाच्या तारखेची बघा. आज वैध असलेला विमा त्या शनिवारच्या चार दिवस आधी संपत असेल तर नूतनीकरणाचा कागद मागून घ्या.

शक्य असेल तर दोघांनी गॅरेजला जाऊन गाडी बघावी. तिथे टायरपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूवर डीओटी ही अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, म्हणून नाही दिसले तर आतली बाजूही बघा. पार्टी बस रोज धावत नाहीत, त्यामुळे खाचा खोल दिसतात आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. ब्रिटनने १ फेब्रुवारी २०२१ पासून बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरायला बंदी केली आहे. तुमच्या देशात तसा नियम असो वा नसो, तो आकडा आपल्यासाठी लाल रेघ धरा.

मग आत जा. आपत्कालीन दार उघडून दाखवायला सांगा, ‘उघडतं’ या शब्दावर थांबू नका. अनेक पार्टी बसमध्ये ते दार बारच्या कपाटाने किंवा स्पीकरने अडवलेलं असतं. अग्निशामक आहे का आणि त्याची तारीख काय, काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का, प्रत्येक सीटला पट्टा आहे का आणि तो लागतो का, हे बघा. एसी इंजिन बंद असताना चालतो का तेही विचारा. बहुतेक गाड्यांत चालत नाही, म्हणजे थांब्यावर इंजिन सुरू ठेवावं लागतं. काही ठिकाणी त्याला मनाई असते, आणि शेजाऱ्यांना त्रास तर होतोच.

ड्रायव्हरचे तास

लांबच्या गावाला गाडी बोलावणाऱ्यांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावं असा हा विषय आहे.

उदाहरण घेऊ. गॅरेज ६० किलोमीटरवर, दोन पदरी रस्ता, एका बाजूने दीड तास. तुमचा कार्यक्रम सहा ते साडेअकरा. ड्रायव्हर सव्वाचारला निघतो, पावणेसहाला पोचतो, साडेअकराला शेवटचा माणूस सोडतो आणि एक वाजता गॅरेजला परततो. पावणेनऊ तास. यात अडचण काही नाही. पण त्याच ड्रायव्हरने सकाळी सहाला कारखान्याची किंवा शाळेची फेरी केली असेल, तर तुमच्या लोकांना घरी सोडताना तो सतरा-साडेसतरा तास जागा आणि कामावर असतो.

नियम जागोजाग वेगळे आहेत, पण दिशा एकच आहे. युरोपात सलग साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती आणि दिवसाला साधारणपणे ९ तासच चालवणं. अमेरिकेत प्रवासी बसच्या ड्रायव्हरला सलग ८ तास सुट्टीनंतर जास्तीत जास्त १० तास चालवता येतं आणि कामावरचे १५ तास भरल्यावर स्टिअरिंग धरता येत नाही. भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास ठरवले होते. थांब्यावर बसून राहणं म्हणजे विश्रांती नव्हे. गाडीवर लक्ष ठेवत, पाहुण्यांचे फोन घेत घालवलेला वेळ कामाचाच असतो.

म्हणून वरच्या संदेशातला सकाळच्या ट्रिपचा प्रश्न सोडू नका. परतीचं अंतर शंभर किलोमीटरच्या वर असेल तर ड्रायव्हरची रात्रीची सोय गावातच करा. एका खोलीचं भाडं एकूण खर्चात छोटं असतं, आणि कार्यक्रम अर्धा तास लांबला तरी माणूस घाईत गाडी हाकत नाही.

पैसे कुठे जातात

वरच्या उदाहरणात पावणेनऊ तासांपैकी तीन तास, म्हणजे सुमारे एक तृतीयांश, गाडी रिकामी धावते. किलोमीटर बघा: तुमचा फेरा ७०, रिकामं येणं-जाणं १२०. गॅरेज ते गॅरेज भाडं म्हणजे हे सगळं तुमच्या खात्यावर. ते अन्यायाचं नाही, डिझेल आणि ड्रायव्हर दोन्ही लागतातच. पण एकाने गॅरेजपासून दर सांगितला आणि दुसऱ्याने तुमच्या गावापासून, तर स्वस्त दिसणारा महाग निघू शकतो. तुलना करताना सगळे दर ‘शेवटचा रुपाया’ या एका आकड्यावर आणा: कर, टोल, भत्ता, पार्किंग, सफाई, सगळं धरून किती.

इथे दोन बचती खऱ्या आहेत. त्या दिवशी मालकाची दुसरी गाडी तुमच्या भागात येणार आहे का, किंवा तुमच्या आधी-नंतर जवळची ट्रिप आहे का, हे विचारा. रिकामा फेरा वाटला गेला तर दर उतरतो. दुसरी बचत मला जास्त आवडते. शंभर किलोमीटरवरच्या झगमगत्या बसपेक्षा वीस किलोमीटरवरची साधी, नीट राखलेली मिनीबस घ्या, आणि सजावट, बॅटरीवरचे दिवे, चांगला स्पीकर आपण न्या. गाडी वेळेवर येते, बंद पडली तर दुसरी लवकर मिळते, सीट पुढे तोंड करून असतात, आणि लोकांना आठवते ती सोबत, छतावरचे दिवे नव्हे.

ॲडव्हान्स देण्याआधी लेखी करार घ्या. मोठा स्टॅम्प पेपर लागत नाही, ईमेल किंवा सहीची पावतीही चालते, पण तीत गाडीचा नंबर, वेळा, थांबे, एकूण रक्कम आणि पुढच्या अटी हव्यात. रद्द केलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत. गाडी बदलली तर तितक्याच सीटची आणि त्याच दर्जाची, आणि कळवायचं किमान किती तास आधी. उशीर मालकाकडून झाला तर तेवढा वेळ शेवटी वाढवायचा की पैसे कमी करायचे. जादा वेळ अर्ध्या तासाने मोजायचा की पूर्ण तासाने. सफाईचा दंड नेमका कशासाठी, म्हणजे सांडलेल्या सरबताला आणि उलटीला एकच दर का वेगळा. अनामत किती दिवसांत परत. पूर्ण रक्कम आधी मागणाऱ्याला नाही म्हणा. एक भाग बुकिंगला, एक भाग आदल्या आठवड्यात आणि थोडा गाडी दारात आल्यावर, ही वाटणी दोघांनाही सुरक्षित वाटते.

बसमध्ये काय चालतं

मद्याबद्दल कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. चालत्या गाडीत पिण्याचा नियम देशागणिक, राज्यागणिक, कधी परमिटागणिक बदलतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर १९८५ च्या एका कायद्याने ठरावीक क्रीडा सामन्यांना जाणाऱ्या भाड्याच्या बसमध्ये मद्य नेणंच गुन्हा आहे, मग बाकी दिवशी तीच बस मोकळी असो. मालकाला लेखी विचारा आणि स्थानिक पोलीस ठाण्यातही विचारा. छोट्या गावात ठाण्याला आधी कळवल्याने बस कुठे थांबेल, किती वाजेपर्यंत आवाज चालेल हेही स्पष्ट होतं. गटात अल्पवयीन कुणी असेल तर बस कोरडीच ठेवा.

काच नको, कॅन किंवा प्लास्टिकचे पेले न्या. मेणबत्त्या, फुलबाज्या, धुराचं यंत्र यांतलं काहीच बसमध्ये नको. पेयं थंड ठेवायला ड्राय आइसही आणू नका. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि बंद खिडक्यांच्या गाडीत तो साचून गुदमरायला होतं. फुगे लावायचे असतील तर मागची काच, ड्रायव्हरचे आरसे आणि आपत्कालीन दार मोकळं राहील असे लावा. गाणी फोनमध्ये उतरवून घ्या, गावाबाहेर नेटवर्क जातं. फोन एकाच माणसाच्या ताब्यात असावा, नाहीतर दर दोन मिनिटांनी गाणं बदलतं.

नाचणं गाडी थांबलेली असताना. आत खांब असला, दिवे असले, तरी चालत्या बसमध्ये उभा असलेला माणूस ब्रेक लागला की समोरच्यावर जाऊन आदळतो. २०२३ च्या ११ जूनला ऑस्ट्रेलियात ग्रेटा गावाजवळ लग्नाहून परतणाऱ्या पाहुण्यांची बस वाहतूक वर्तुळावर वेगात उलटली आणि १० जण मृत्युमुखी पडले. ड्रायव्हरला पुढे ३२ वर्षांची शिक्षा झाली. अशा वेळी प्रवाशांच्या हातात दोनच गोष्टी असतात, पट्टा लावणं आणि वेग वाढला की लगेच मोठ्याने सांगणं. सांगायचं काम कुणाचं हे आधी ठरलेलं असलं की कुणी संकोचत नाही.

त्या दिवशी

एक माणूस न पिणारा आणि फोन चार्ज असलेला नेमा. ड्रायव्हरचा नंबर त्याच्याकडे, त्याचा ड्रायव्हरकडे. ड्रायव्हरला सूचना तोच देणार, बाकी कुणी नाही. अठरा जणांनी वेगवेगळ्या फर्मायशी केल्या की चुकीच्या ठिकाणी वळण घेतलं जातं.

गाडी गॅरेजमधून निघाली का, हे ठरलेल्या वेळी विचारा आणि चालू लोकेशन मागा. अंतर दीड तासाचं असेल तर ‘निघतोच आहे’ हे उत्तर पावणेपाचला मिळालं की तुम्हाला अर्ध्या तासाचा उशीर आत्ताच कळलेला असतो, आणि लोकांना घरीच थांबायला सांगता येतं. बस आल्यावर कुणी चढण्याआधी तिचा नंबर कराराशी जुळवा आणि आतला व्हिडिओ काढा: सीट, फरशी, काचा, स्पीकर. आधीच फाटलेली सीट तुमच्या अनामतीतून जाऊ नये म्हणून हे दोन मिनिटांचं काम.

प्रत्येक थांब्यावर निघताना डोकी मोजा. नावं पुकारली तर कुणीतरी दुसऱ्याच्या वतीने ‘आहे’ म्हणतं. बसमध्ये शौचालय बहुधा नसतं, म्हणून दर तास-सव्वा तासाला थांबा ठेवा आणि ती जागा रात्री उघडी असते का ते आधी बघून ठेवा. पाणी, कोरडी फडकी, कचऱ्याच्या जाड पिशव्या आणि उलटीसाठी वेगळ्या पिशव्या दाराजवळ ठेवा. ड्रायव्हरच्या जेवणाची वेळ वेळापत्रकात लिहा, उरलंसुरलं हातात देऊ नका. तोच तुमच्या सगळ्यांना घरी नेणार आहे.

वस्तीत शिरताना, विशेषतः परतीच्या वेळी, संगीत बंद आणि आतले दिवे मंद. गावात कोणाची बस होती हे सकाळी सगळ्यांना माहीत असतं.

गाडी आलीच नाही तर

शहरात दुसरी गाडी तासाभरात मिळते, गावात नाही. म्हणून पर्याय आदल्या दिवशीच ठरवा. गावातल्या तीन-चार गाडीवाल्यांना विचारून ठेवा की गरज पडली तर याल का, आणि त्यांना थोडं मानधन कबूल करा. कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचायला उशीर झाला तर शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात हे माहीत असू द्या. आणि मर्यादा आधी आखा: अमुक वाजेपर्यंत बस आली नाही तर पर्यायी गाड्या निघतील, बसचे पैसे परत मागू, वाट बघणार नाही. ही वेळ करारातही लिहा. ठरलेल्या बसऐवजी वेगळीच, कागद नसलेली गाडी दारात आली, तर सगळे नटूनथटून उभे असले तरी तिच्यात बसू नका. पर्यायी गाड्या नेमक्या त्या क्षणासाठी ठेवलेल्या असतात.

दुसऱ्या दिवशी

रात्री उतरतानाच पुन्हा एक व्हिडिओ काढा आणि विसरलेल्या वस्तू गोळा करा. गाडी साठ किलोमीटर लांब गेली की एक पाकीट परत आणायला दिवस जातो. जादा वेळ लागला असेल तर तो किती, हे ड्रायव्हरसमोर तिथेच लिहून दोघांनी सही करा. अनामतीची आठवण लेखी द्या.

मग मार्गाचे फोटो, बस वळली ती जागा, कोणत्या गल्लीत अडली, मालकाने सांगितलेला आणि प्रत्यक्ष घेतलेला दर, ड्रायव्हर कसा होता, हे एका पानावर लिहून गावातल्या हॉलवाल्याला किंवा मंडळाला द्या. पुढच्या महिन्यात कुणीतरी दुसरं हीच चौकशी करत येईल, आणि त्या चौकात बारा मीटरची बस वळत नाही हे त्यांना फोनवरच कळेल.